मंदीच्या दिवसांतील पगाराची बोलणी

व्यापारी घरातील मुलांना 'भाव' हा शब्द पाढ्यांच्याही आधी समजू लागतो. दुकानाच्या गादीवर आजोबांच्या शेजारी बसून ती पाहत असतात. शेतकऱ्याचा माल येतो, खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, चार शब्द इकडचे आणि चार शब्द तिकडचे होतात आणि सौदा ठरतो. या बोलण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. शेतकऱ्याने क्विंटलमागे दोनशे रुपये अधिक मागितले म्हणून त्याला कुणी लोभी म्हणत नाही आणि खरेदीदाराने शंभर कमी सांगितले म्हणून त्याला कुणी निर्दय ठरवीत नाही. सौदा झाल्यावर दोघे एकत्र चहा घेतात आणि पुढल्या हंगामात पुन्हा भेटतात.

अशा घरांतील मुले-मुली आता मोठ्या संख्येने नोकरीकडे वळली आहेत. कुणी पुण्यात, कुणी मुंबईत, कुणी बंगळूरला. यात खेद मानण्यासारखे काही नाही. ज्ञान हेही भांडवलच आहे. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. ज्या घराने तीन पिढ्या भाव करण्यात घालवल्या, त्याच घरात मुलीच्या हाती नियुक्तीपत्र आले की सारे एकदम गप्प होतात. पत्रातील रक्कम जणू दगडावरची रेघ! त्यातून बाजारात मंदी असली, तर बोलायलाच नको. "मिळते आहे ते पदरात पाडून घे," एवढाच सल्ला घरातून मिळतो. या विषयावर थोडे सविस्तर लिहावे असे वाटले, कारण २०२० सालच्या शेवटच्या चार महिन्यांत हा प्रश्न आमच्या घरात दोनदा आला. एकदा मागणाऱ्याच्या बाजूने, एकदा देणाऱ्याच्या.

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. माझी थोरली मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेऊन २०१८ पासून पुण्यात संगणक क्षेत्रातील एका कंपनीत काम करीत होती. वार्षिक पगार ५,६०,००० रुपये होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, ती लॅपटॉप घेऊन घरी आली आणि मे महिन्यापासून कंपनीने सर्वांच्या पगारात २० टक्के कपात केली. पगार ४,४८,००० वर आला. कपात तात्पुरती आहे असे सांगण्यात आले; तात्पुरती म्हणजे किती दिवस, हे मात्र कुणी सांगितले नाही. तेव्हा तिने दुसरीकडे अर्ज करण्यास सुरुवात केली.

३१ ऑगस्ट रोजी सरकारने एप्रिल ते जून या तिमाहीचे आकडे जाहीर केले. देशाचे एकूण उत्पादन आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घटले होते. त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तिला पुण्यातील दुसऱ्या एका कंपनीचा प्रस्ताव आला. रक्कम होती ५,००,००० रुपये. माझे वडील, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, वर्तमानपत्राची घडी घालीत म्हणाले, "देशाची ही अवस्था असताना कुणी बोलावून काम देते आहे, हे भाग्य समज, बाळ." तिच्या आईचे म्हणणे होते, की आधी कागद हाती पडू द्यावा, बाकीचे पुढे पाहता येईल. दोघांच्याही बोलण्यात माया होती आणि भीतीही होती. गावातील कितीतरी घरांत त्या दिवसांत पगार थांबलेले होते. त्यामुळे ती भीती खोटी म्हणता येत नव्हती.

मुलगी मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाली, "पप्पा, त्यांचे म्हणणे आहे की ते मला सुमारे बारा टक्के वाढ देत आहेत. पण ही वाढ कशावर धरली आहे ते पाहा. कापलेल्या पगारावर."

तिचा हिशेब माझ्या तत्काळ ध्यानात आला, कारण तो आमच्याच बाजारातला होता. समजा, एखाद्या मालाचा भाव क्विंटलला ७,००० रुपये आहे. काही कारणाने बाजार कोसळून तो ५,६०० वर आला. आता एखादा खरेदीदार आला आणि म्हणाला, की मी तुम्हाला ६,२५० देतो, चालू भावापेक्षा भरपूर वाढवून देतो. त्याचे वाक्य खोटे नाही. तरीही शेतकऱ्याला ७,००० चा भाव विसरायला लावणारे ते वाक्य आहे. माल तोच, त्याची प्रत तीच. घसरला तो फक्त मधल्या काळातला बाजार. अशा वेळी शेतकऱ्याने निदान जुन्या भावाची आठवण करून द्यावी, हे आपण सहज मान्य करतो. मग मुलीने आपल्या जुन्या पगाराची आठवण करून दिली, तर त्यात उद्धटपणा कसला?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया व मॅसॅच्युसेट्स या राज्यांत २०१८ पासून असा कायदा लागू आहे, की उमेदवाराला त्याचा आधीचा पगार विचारून त्यावरून नवा पगार ठरवू नये. एकदा कमी पगारात अडकलेला माणूस नोकऱ्या बदलूनही कमीच पगारात राहतो, हे त्यामागचे कारण. आपल्याकडे हा प्रश्न सर्रास विचारला जातो. त्याला उत्तर खरेच द्यावे; परंतु पूर्ण द्यावे. 'सध्या ४,४८,००० मिळतात' हे उत्तर अर्धे आहे. 'माझा ठरलेला पगार ५,६०,००० आहे आणि मे महिन्यापासून सर्वांसाठी २० टक्के कपात लागू आहे' हे पूर्ण उत्तर.

दुसरी गोष्ट प्रस्तावातील आकड्यांची. आपल्या शेतकऱ्याला पट्टी दिली, की तो वरचा आकडा पाहत नाही. पोत्याचे वजन वजा होऊन, हमाली-तोलाई वजा होऊन खाली जी रक्कम राहते, तिच्यावर त्याचे बोट जाते. नोकरीच्या पत्रात 'सीटीसी' म्हणून जो आकडा लिहिलेला असतो, तो पोत्यासकटच्या वजनासारखा आहे. मुलीच्या पत्रातील ५,००,००० पैकी ५०,००० रुपये 'बदलती रक्कम' होती. म्हणजे कंपनीचे व तिचे काम वर्षअखेर समाधानकारक ठरले, तरच मिळणारी. मूळ वेतन २,००,००० धरले होते. त्यावर कंपनीने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी १२ टक्क्यांप्रमाणे २४,००० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ९,६०० रुपये, हेही त्याच ५,००,००० मध्ये मोजलेले होते. उरले सुमारे ४,१६,४००. त्यातून तिच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी पुन्हा २४,००० आणि व्यवसाय कर २,५०० वजा. दरमहा हाती येणार ते सुमारे ३२,५०० रुपये.

भविष्यनिर्वाह निधी ही आपलीच बचत आहे, ती बुडत नाही. ग्रॅच्युइटीसाठी मात्र सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या मुलांच्या हाती ती बहुधा येतच नाही. बदलती रक्कम तर मंदीच्या वर्षी सर्वांत आधी आटते. तिच्या जुन्या ५,६०,००० मध्ये बदलती रक्कम मुळीच नव्हती. म्हणजे दिसायला साठ हजारांचा फरक होता, तो खरे तर अधिक होता. हा हिशेब आम्ही दोघांनी दुकानाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला. अण्णा चष्मा लावून पाहत होते. पाहून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "हे तर बारदानाचेच वजन जास्त झाले."

अण्णांनी त्या संध्याकाळी जुन्या बाजारपेठांतील रुमालाखालच्या सौद्याची गोष्ट सांगितली. दोन व्यापारी एकमेकांचे हात रुमालाखाली धरीत आणि बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल होता तो शेतकरी शेजारीच उभा असे. परंतु रुमालाखाली काय चालले आहे हे त्याला कळत नसे. १९३९ च्या मुंबई इलाख्याच्या बाजार कायद्याने आणि पुढे १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ही रीत मागे पडून उघड लिलाव रुजला. आता बोली सर्वांच्या कानावर पडते. पगाराचा बाजार मात्र अजूनही रुमालाखालीच आहे. कंपनीला शंभर जणांचे पगार ठाऊक असतात आणि उमेदवाराला फक्त स्वतःचा. एकाच खोलीत बसणारे दोन मित्र एकमेकांना पगार सांगत नाहीत. या अज्ञानाचा तोटा कुणाला होतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून मुलीने पहिले काम केले ते रुमाल थोडा उचलण्याचे. तिने आपल्याच कामातील, तितक्याच अनुभवाच्या तीन मैत्रिणींना फोन केले आणि आधी स्वतःचा पगार सांगून मग त्यांचा विचारला. उत्तरे साडेपाच ते साडेसहा लाखांच्या दरम्यान आली. त्यातून आणखी एक गोष्ट उघड झाली. मंदी असली तरी तिच्या विशिष्ट कामाला मागणी होती. दुकाने, शाळा, दवाखाने सारेच त्या काळात संगणकावर येऊ पाहत होते.

मंदी सगळ्या मालाला सारखी नसते, हे आम्हाला त्याच वर्षी हळदीने शिकवले होते. एप्रिलमध्ये यार्ड ओस पडले, वाहने थांबली. पण घरोघरी काढे आणि हळदीचे दूध सुरू झाले. त्या आर्थिक वर्षात देशातून हळदीची निर्यात आदल्या वर्षापेक्षा वाढली. देशाच्या उत्पादनाचा आकडा आणि आपल्या मालाची मागणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रातील मथळा पाहून कुणी आपल्या मालाचा भाव पाडून सांगत नाही. तो आपल्या पेठेत चौकशी करतो.

नोकरी देणाऱ्याची बाजूही समजून घ्यावी लागते. येल विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ ट्रूमन ब्यूली यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभीच्या मंदीत अमेरिकेच्या ईशान्य भागातील ३०० हून अधिक उद्योजक, व्यवस्थापक व कामगार-प्रतिनिधींच्या मुलाखती घेतल्या आणि १९९९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांना असे आढळले, की मंदीतही मालक सहसा पगार कापायला तयार नसतात, कारण त्याने माणसांचे मन मोडते आणि काम बिघडते. त्यांना आपल्या पगाराच्या पायऱ्या सांभाळायच्या असतात. नव्या माणसाला फार वर बसवले, तर जुना नाराज होतो. यातून उमेदवाराने घ्यायचा धडा साधा आहे. 'मला अधिक द्या' एवढेच म्हणण्यापेक्षा 'या कामासाठी तुमच्याकडे किमान आणि कमाल किती आहे आणि मी त्यात कुठे बसते?' असे विचारावे. त्या प्रश्नाला उत्तर देणे समोरच्याला सोपे जाते.

आणि मागावे कशासाठी, याचेही उत्तर हिशेबात आहे. कॅनडातील पदवीधरांच्या अभ्यासातून, जो २०१२ साली प्रसिद्ध झाला, असे दिसले की मंदीत पहिली नोकरी धरणाऱ्यांचे उत्पन्न सुरुवातीला सुमारे ९ टक्के कमी राहते आणि ती दरी भरून यायला सुमारे १० वर्षे लागतात. आपण व्याजाचा व्यवहार जाणणारी माणसे आहोत, म्हणून हे असे पाहू. आरंभीच्या पगारात वर्षाला ६०,००० चा फरक आहे आणि दोन्ही पगार दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतात असे धरले, तर दहा वर्षांत हा फरक सुमारे ८ लाख ७० हजार रुपये होतो. पंधरा मिनिटांचे संकोचाचे बोलणे टाळण्याची ही किंमत आहे.

मुलींच्या बाबतीत हा संकोच दुप्पट असतो. अमेरिकेतील प्राध्यापिका लिंडा बॅबकॉक व लेखिका सारा लॅशेव्हर यांनी २००३ च्या आपल्या पुस्तकात एका विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांची आकडेवारी दिली आहे. पहिल्या नोकरीच्या वेळी ५७ टक्के मुलांनी अधिक पगार मागितला होता. मुलींपैकी फक्त ७ टक्क्यांनी. ज्यांनी मागितला त्यांचा पगार सरासरी ७.४ टक्क्यांनी वाढला. मागणाऱ्या मुलीला आपल्याकडेही 'तोंडाळ' म्हणण्याची रीत आहे. घरात पंगतीला शेवटी बसायला शिकलेली मुलगी कचेरीतही शेवटीच बसते. ही शिकवण तिला घराबाहेर कुणी दिलेली नसते.

बोलण्याच्या आदल्या दिवशी माझ्या धाकट्या भावाने तिला व्यवहारी सल्ला दिला. "दुसऱ्या कंपनीचेही बोलावणे आहे म्हणून सांग. बाजारात असेच चालते." तसे बोलावणे तिला नव्हते. ती म्हणाली, "काका, नसलेले कसे सांगू? त्यांनी पत्र दाखव म्हटले, तर?" तिने पत्राची भीती सांगितली; मी तिला त्याहून जुने कारण सांगितले. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लेख करणे, हा एक अतिचार आहे आणि अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत वजनामापात कमी-अधिक करणे. आपल्या पूर्वजांनी हे दोष दुकानदाराला समोर ठेवूनच सांगितले असावेत, असे मला नेहमी वाटते. नसलेले बोलावणे दाखवून पगार वाढवणे हे खोटे माप वापरून माल विकण्यासारखेच आहे. एकदा भाव मिळेलही; पेठेतील पत मात्र जाते.

तिने एका कागदावर चार गोष्टी लिहिल्या. आधीचा ठरलेला पगार, गेल्या दोन वर्षांत स्वतः पूर्ण केलेली कामे, मैत्रिणींकडून समजलेला भाव आणि चौथी गोष्ट, जी सांगायची नव्हती, ती म्हणजे कमीत कमी किती मिळाले तर ती होकार देणार. तो शेवटचा आकडा बोलणीपूर्वीच ठरवावा, अशी माझी सूचना होती. लिलावात उभा राहिलेला व्यापारी आपली मर्यादा मनात पक्की करून जातो. तिथे गेल्यावर ठरवणारा फसतो.

बोलणे फोनवर झाले, दुकानाच्या वरच्या खोलीत. तिने आधी प्रस्तावाबद्दल आभार मानले, काम आवडल्याचे सांगितले आणि मग ६,००,००० ची मागणी कारणांसह मांडली. समोरच्या बाईंनी अपेक्षित उत्तर दिले, की दिवस कठीण आहेत आणि या पगारात काम करायला पुष्कळजण तयार आहेत. ती काही क्षण थांबली आणि म्हणाली, "दिवस कठीण आहेत हे मी जाणते. म्हणूनच रक्कम जमत नसेल, तर बदलती रक्कम कमी करून निश्चित भाग वाढवता येईल का, आणि सहा महिन्यांनी पगाराचा पुनर्विचार पत्रात लिहून देता येईल का, एवढे पाहावे." चार दिवस उत्तर आले नाही. ते चार दिवस घरात कुणाला अन्न गोड लागले नाही. अण्णा तर दिवसातून दोनदा विचारीत, "आला का फोन?" पाचव्या दिवशी सुधारलेले पत्र आले. एकूण ५,६०,०००, त्यात बदलती रक्कम फक्त २०,०००, आणि एप्रिल २०२१ मध्ये पुनर्विचार. तिच्या मनातील शेवटच्या आकड्यापेक्षा ते थोडे वरच होते. तिने होकार दिला.

प्रश्न इथेच संपला असता, तर हा लेख केवळ एका मुलीच्या कौतुकाचा झाला असता. परंतु नोव्हेंबरमध्ये आमचे जुने दिवाणजी वयपरत्वे निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मिरज तालुक्यातील एक वाणिज्य पदवीधर तरुण भेटायला आला. आम्ही महिना ११,००० रुपये सांगितले. त्याने नम्रपणे १४,००० मागितले. जीएसटीची विवरणपत्रे तो स्वतः भरू शकत होता. त्या कामासाठी आम्ही बाहेरच्या माणसाला दरमहा ३,००० रुपये देत होतो आणि हे त्याने आधीच चौकशी करून घेतले होते.

तो गेल्यावर भाऊ म्हणाला, "मंदीचे दिवस आहेत. अकरा हजारांत दहा जण मिळतील. पहिल्याच भेटीत मागतो म्हणजे पुढे काय करील?" मुलगी त्या वेळी वरच्या खोलीत नव्या कंपनीचे काम करीत होती. ती काही बोलली नाही. बोलण्याची गरजही नव्हती. भावाचे वाक्य आम्ही सर्वांनी सप्टेंबरमध्ये, जवळजवळ त्याच शब्दांत, दुसऱ्याच्या तोंडून ऐकले होते. मी भावाला म्हटले, "तू त्याच्या जागी असतास, तर चौकशी करून आला असतास की न करता? जो स्वतःच्या भावाची चौकशी करून येतो, तो उद्या आपल्या मालाच्या भावाचीही करील. आपल्याला असाच माणूस हवा आहे." त्याला आम्ही १२,५०० पासून घेतले, सहा महिने विवरणपत्रे वेळेवर गेली, तर १४,००० असे ठरवले आणि ते साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. मे महिन्यात त्याला न विचारता १४,००० सुरू झाले. तो आजही आमच्याकडे आहे.

काही ज्येष्ठ विचारतात, की आपण अपरिग्रह मानणारी माणसे. मग अधिक मागायला मुलांना शिकवावे काय? हा प्रश्न गंभीर आहे. परिग्रह हा मुळात आसक्तीत आहे, असे आपल्याला शिकवले गेले आहे. गृहस्थाने आपल्या संपत्तीची मर्यादा स्वतः ठरवावी, हे परिमाणाचे व्रत. ती मर्यादा ज्याची त्याने घालायची असते. दुसऱ्याने आपल्या श्रमाचा भाव पाडून ती घालून देण्याची नसते. रास्त पगार घेऊन त्यातील भाग दानाला काढणारा अपरिग्रहाच्या जवळ आहे. कमी पगार मुकाट्याने घेऊन आयुष्यभर मनात कुढणारा त्यापासून दूरच राहतो, कारण त्याचे मन रात्रंदिवस पैशातच गुंतलेले असते.

देणाऱ्यांसाठीही आपल्या परंपरेत शब्द आहेत. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन येतात. शक्तीपेक्षा जास्त ओझे लादणे आणि खाणेपिणे अडवणे. बैलगाडीच्या काळात ते जनावरांना उद्देशून समजले जात. मंदीचे निमित्त करून दोघांचे काम एकावर टाकणे आणि त्याच्या पगाराला हात आखडणे, हे त्याहून फारसे निराळे नाही. आपल्या समाजात मागणारी मुले आणि देणारे दुकानदार एकाच घरात राहतात. मुलीला पुण्यात जो न्याय मिळावा असे वाटते, तो आपल्या पेढीवरील दिवाणजीला देण्याची संधी आपल्याच हातात असते.

आता तरुणांसाठी थोडे व्यवहाराचे. घरात दुसरे उत्पन्न नसेल, कर्जाचा हप्ता तोंडावर असेल आणि हाती एकच प्रस्ताव असेल, तर फार ताणू नये. मागणी नम्र असली तरी प्रस्ताव मागे घेतला जाण्याचा धोका मंदीत असतोच. मात्र तेव्हाही रकमेखेरीज मागण्याजोग्या गोष्टी असतात. पगाराच्या पुनर्विचाराची तारीख, नोकरी सोडताना द्यावयाच्या सूचनेचा कालावधी, आईवडिलांसह आरोग्य विमा, एखाद्या अभ्यासक्रमाचे शुल्क, आठवड्यातून दोन दिवस घरून काम. यांपैकी काहींना कंपनीला खर्च थोडा येतो आणि घेणाऱ्याला लाभ मोठा होतो. रुजू होताना एकरकमी रक्कम मिळणार असेल, तर लवकर नोकरी सोडल्यास ती परत करावी लागते का, हे वाचून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. देणारा प्रामाणिक असला तरी तो स्वतःच उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. कागद मात्र तिथेच राहतो. आणि जुन्या नोकरीचा राजीनामा नवे पत्र हाती आल्यावरच द्यावा.

वडीलधाऱ्यांनीही एक काम करावे. मुलांना केवळ 'पदरात पाडून घे' म्हणू नये. वही घेऊन त्यांच्यासोबत बसावे, ढोबळ आणि निव्वळ आकडा वेगळा करावा, शेवटची मर्यादा ठरवायला मदत करावी आणि खोटे बोलायचे नाही, हेही त्याच वेळी सांगावे. भाव कसा मागावा, नकार कसा ऐकावा, बोलणी फिसकटली तरी नमस्कार करून कसे उठावे, हे शिक्षण कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही. आपल्या घरांत ते पिढ्यान् पिढ्या आहे. दुकानाची गादी ज्या मुलांना चालवायची नाही, त्यांनाही वारशाचा हा वाटा मिळायला हवा.